मेल्विना आजी आणि बाविसावी रांग

माझी आजी, मेल्विना टिझर्ड, हिने एकतीस वर्षं माशांच्या कारखान्यात कॉडचे काटे काढले आणि कारखाना बंद पडल्यावर पुढची चौदा वर्षं विमानातून लोकांची पोरं पोचवली. दोन्ही कामांना एकच कसब लागतं, असं तिचं म्हणणं. "निसटणारी चीज घट्ट धरायची, पण दाबायची नाही."

पोरं पोचवण्याचं असं की, आमच्या बेटावरच्या गूज टिकल गावातले अर्धे बाप तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात तेलाच्या खाणींवर असतात. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. मधेच कधी त्यांची सुट्टी रद्द होते. मग बायको म्हणते, तू येत नाहीस ना, बरं, आम्हीच येतो. पण जायचं दोन विमानांनी, मध्ये टोरोंटो, काखेत तान्हं, बोटाला तीन वर्षांचं, आणि पिशवी धरायला तिसरा हात कुठून आणायचा? तो तिसरा हात म्हणजे आजी. तिचं तिकीट काढलं आणि वेळेवर चहा पाजला की झालं. अशी त्रेपन्न पोरं तिने नेली-आणली. गावात तिला लहानथोर सगळे मेल्विना मावशी म्हणतात, आणि तिने पोचवलेली पोरं आता मिशा फुटल्यावरही तिला पाहिली की आपोआप नाक पुसून घेतात.

तिची पिशवी कायम भरलेली असते. तिच्यात एक ओला टॉवेल, तो पावाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या पिशवीत. दोरीला बांधलेला कपड्यांचा लाकडी चिमटा. पोर चिमटा फेकतं, आजी दोरी ओढते. पोर पुन्हा फेकतं, आजी पुन्हा ओढते. टोरोंटोपर्यंत चालतं ते. "गळ टाकायला शिकतंय," आजी शेजारच्याला सांगते. आणि आमच्याकडचा कडक पाव. हा पाव रात्रभर पाण्यात भिजवून माशाबरोबर खायचा असतो; न भिजवता खाल्ला तर दात जातो. विमान खाली उतरायला लागलं की आजी त्याचा एक कोपरा पोराच्या तोंडात देते. "चघळ, माझ्या बदकुल्या, चघळ. लाळ गिळ. हां, अस्सं." पोर चघळतं, गिळतं, आणि कान दुखायचे राहूनच जातात.

लवकर चढायचं नाही, हा तिचा दुसरा हट्ट. गेटवरची बाई मधाळ आवाजात म्हणते, "लहान मुलांसोबत प्रवास करणाऱ्या प्रवाशांनी कृपया प्रथम विमानात प्रवेश करावा." आजी जागची हलत नाही. "कशाला गं? त्या डब्यात पाऊण तास जास्त कोंडून घ्यायला? पळव त्याला इथेच. पाय दुखेपर्यंत पळव." आजी नेहमी शेवटी चढते, आणि तिच्याबरोबरचं पोर तोवर एवढं दमलेलं असतं की खुर्चीत ठेवलं की ओल्या कणकेसारखं पसरतं.

पण तिची खरी युक्ती वेगळीच आहे. ती पोर एका मांडीवर ठेवत नाही. "एका मांडीला पोर अकरा मिनिटांत कंटाळतं," ती म्हणते. "आणि विमानात मांड्या किती असतात बघ की!" म्हणून ते पोर पुढच्याकडे, मग त्याच्या मागच्याकडे, मग पलीकडच्याकडे असं हातोहात फिरत राहतं. मात्र आजी कुणालाही पोर देत नाही हं. आधी चौकशी करते.

"तू कुणाचा रे?"

"हेक्टर रेंडेलचा, मावशी."

"कुठला हेक्टर? बोट बुडवली तो?"

"तो चुलत काका, तोही हेक्टरच. माझ्या बापाने नाही बुडवली."

"मग धर."

एवढी तिची सुरक्षा तपासणी. विमानतळावरच्या लोकांना बूट काढायला लावून जे कळत नाही, ते हिला तीन प्रश्नांत कळतं.

त्रेपन्न पोरं नेली, पण त्यात स्वतःची नात एकही नव्हती. मी आहे, पण मी गावातच वाढले, मला कुठे न्यायचंच नव्हतं. दुसरी नात पायपर. ती वेस्ली मामाची मुलगी, अडीच वर्षांची, राहते तिकडे अल्बर्टात, कॅलगरीला. ती जन्मली तेव्हाच आजीने वरच्या खोलीला पिवळा रंग दिला आणि माझ्या आईचा जुना पाळणा माळ्यावरून खाली काढला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात विचारायची, "पायपरला पाठवता का?" आणि दर उन्हाळ्यात तिकडून मेरेडिथ मामीचा आवाज यायचा, "या वर्षी नको, मेल्विना. बघू."

कॅलगरीचं 'बघू' म्हणजे 'नाही'. त्यांना 'नाही' म्हणायला जमत नाही, फार चांगल्या घरचे लोक आहेत ते.

मामीचा स्वभाव वाईट नाही, हे मी आधीच सांगते. ती एका मोठ्या कंपनीत सुरक्षा अधिकारी आहे. शिडी कशी धरायची, ती चढताना कितव्या पायरीवर थांबायचं, याची पुस्तकं ती लिहिते. आणि पायपर दोन महिने आधी जन्मली. पाच आठवडे काचेच्या पेटीत होती, आणि मामा खाणीवर. ते पाच आठवडे मामी त्या पेटीशेजारी एकटी बसून यंत्रांवरचे आकडे वाचत होती. तेव्हापासून ती सगळंच वाचते आणि सगळंच लिहून ठेवते.

गेल्या जुलैत मामी अचानक 'हो' म्हणाली. पायपर दोन आठवडे गूज टिकलला येणार. आजी आणि मी आणायला गेलो. मी कशाला, तर फोटो काढायला. आजीचा फोन अजून बटणांचा आहे.

निघायच्या सकाळी मामीने स्वयंपाकघराच्या टेबलावर एक कागद ठेवला. लॅमिनेट केलेला. वर 'प्रवास: पायपर' असं शीर्षक आणि खाली सात नियम.

"मेल्विना, मोठ्याने वाचू या का?" मामी आग लागल्यावर कुठल्या जिन्याने उतरायचं ते सांगतात त्या आवाजात बोलते. स्पष्ट, सावकाश, प्रत्येक शब्द धुऊन-पुसून. "नियम एक. पायपरला अनोळखी व्यक्तीच्या हाती देऊ नये. यावर काही प्रश्न?"

"नाही, बाळा."

"नियम दोन, साखर नाही. तीन, लहान मुलांसाठीच्या प्राधान्याचा लाभ घेऊन सर्वांत आधी विमानात चढावे."

आजीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"चार, मोबाइलवर फक्त ग्रहांचा कार्यक्रम, वीस मिनिटं. पाच, पायपर चिडली तर तिच्या भावना तिला शब्दांत सांगाव्यात. वाक्यं मागच्या बाजूला दिली आहेत. सहा, पट्टा. सात, दर तासाला फोटो. शेल्बी, संकटकाळी पहिला फोन कुणाला?"

"तुला, मामी."

"दुसरा?"

"तुलाच."

मामीने मान डोलावली. मग ती पायपरच्या जॅकेटची चेन वर करायला वाकली, तीच चेन तिने पुन्हा खाली केली, पुन्हा वर केली, आणि आजीकडे न बघता म्हणाली, "ही पहिली वेळ आहे, म्हणून ही आपण चाचणी समजू. नीट झालं तर दर उन्हाळ्यात पाठवेन. नाही झालं, तर... बघू."

आजीने तो कागद दोन्ही हातांनी घेतला. आयुष्यात कधी चर्चचं पुस्तकही तिने इतकं जपून धरलं नसेल.

कॅलगरी ते टोरोंटो चार तास. त्या चार तासांत आजीने सातही नियम पाळले. मी साक्षीदार आहे.

आम्ही सर्वांत आधी चढलो. पाऊण तास नुसते बसलो, आणि त्या पाऊण तासात पायपरला खिडकीची झडप, पाठीमागचा खिसा, समोरचं टेबल, सगळं पाहून झालं. म्हणजे विमान हललं तेव्हा तिच्याकडे करण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं. ग्रह वीस मिनिटांत संपले. मग तिने एक बूट काढला. तो पुढच्या माणसाच्या टकलावरून पलीकडे गेला. मग ती किंचाळली. आमच्या बंदरावर धुक्यात भोंगा वाजतो, तो निदान मधे थांबतो.

आजीने चष्मा लावला, कागद उलटा केला आणि एकेक शब्द बोटाने धरून वाचलं, "पायपर. मला दिसतंय. की तुला राग. आलाय."

"नाही आलाऽऽ!"

"इथे आलाय असं लिहिलंय, बाळ."

"नाहीऽऽऽ!"

"शेल्बी, पुढचं वाच गं. माझा चष्मा ओला झाला."

मी वाचलं, "तुला मिठी हवी आहे, की थोडी मोकळी जागा?"

आजीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन्हीकडे कोपरं होती. "मोकळी जागा? इथे? मलाच नाहीये."

आजूबाजूचे लोक एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कानांत इयरफोनची बोंडं घातली आणि सुस्कारे सोडले. टकलूचा सुस्कारा लांब, सायकलच्या चाकातून हवा जाते तसा. पलीकडच्या बाईचा तीन तुकड्यांत, "हा... हा... हांऽऽ." आणि मागचा एक जण नुसता नाकाने. मला आता सगळे येतात. आजीची सवय अशी की सुस्कारा आला की वळून विचारायचं, "काय झालं रे, लेका?" पण विचारायचं कुणाला? एकही डोळा वर नव्हता. नियम एक पाळायला एवढं सोपं विमान दुसरं मिळालं नसतं. त्या विमानात सगळेच अनोळखी होते.

टोरोंटोला उतरलो तेव्हा आजीची टोपी वाकडी झाली होती, आणि ती म्हणाली, "त्रेपन्न पोरं नेली गं मी." एवढंच.  मला पिवळी खोली आठवली.

आमच्या बेटावर, सेंट जॉन्सला जाणाऱ्या विमानाचं गेट शोधायला पाटी बघावी लागत नाही. चालत राहायचं. इमारत संपली असं वाटतं त्याच्याही पुढे चालायचं, आणि मग हसण्याचा आवाज येतो. तो आवाज ऐकला आणि आजीने टोपी सरळ केली.

"मेल्विना टिझर्ड? गूज टिकलची?" विणकाम हातात घेऊन बसलेली एक बाई उठलीच.

"तू कुणाची गं?"

"एल्सी हॉडरची धाकटी. रूबी. नर्स आहे मी आता."

"एल्सीची! धर." आणि पायपर रूबीच्या कडेवर.

मी आजीची बाही ओढली. "आजी, नियम एक."

"काय नियम एक?"

"अनोळखी!"

"एल्सीच्या शेजारी उभी राहून मी नऊ वर्षं मासे चिरले. ही अनोळखी? मग मी तरी कोण?"

 पायपर मात्र गप्प झाली होती. विमान सोडल्यापासून पहिल्यांदा. ती रूबीच्या लोकरीचं टोक तोंडात घालून तिच्याकडे टक लावून बघत होती, भेटल्याभेटल्या माणूस असं मोकळं बोलतं हे तिला नवीनच होतं ना.

तेवढ्यात तास भरला. मी फोटो काढला, रूबीचे हात कापले आणि पाठवला. मामीचं उत्तर लगेच आलं: "छान. ती कशावर बसली आहे?" मी लिहिलं, "मऊ जागी." यात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या तासाला पायपर मासेमारी ट्रॉलरच्या एका दाढीवाल्या कप्तानाच्या गुडघ्यावर घोडा-घोडा खेळत होती. मी फोटो शक्य तितका कापला. मामीचं उत्तर: "दाढी कुणाची?"

मी फोन खिशात घातला आणि आजीला सांगितलं, "आजी, आपण गेलो."

आम्ही शेवटी चढलो. आजीने नियम तीनकडे सरळ दुर्लक्ष केलं. "त्या कागदाचं सकाळी ऐकलं ना, काय झालं बघितलंस ना?" पायपर गेटभर पळून लाल झाली होती. रांगेत आमच्या पुढे राखाडी सूटमधला एक माणूस उभा होता. हातात फाइल, टाय गळ्यापर्यंत, आणि चेहरा असा की जन्मल्यापासून कुणी त्याला गुदगुल्या केल्या नसाव्यात.

"तू कुणाचा रे, राजा?" आजीने विचारलं.

तो दचकला. "माफ करा?"

"आडनाव काय?"

"पाइक."

"पाइक! आपल्याकडचे, कार्बोनियरचे पाइक!"

"नाही, नाही. मी विनिपेगचा. पुलांची तपासणी करतो. आमचे आजोबा पोलंडहून आले, त्यांनी नाव बदललं..."

"कार्बोनियरवरूनच गेले असतील पोलंडला," आजी म्हणाली. "पाइक लोक फार फिरायचे." आणि तिने त्याच्या बाहीवरचा धागा काढून दिला. पाइक या विषयावर तिचं समाधान झालं होतं.

आमची जागा नवव्या रांगेत होती. पट्ट्याचा दिवा विझला आणि पायपर निघाली. रूबी दहाव्या रांगेत, कप्तान तेराव्यात, सतराव्यात खाणीवरून घरी चाललेले दोन भाऊ. ती जाईल तिकडून आमच्याकडे बातम्या येत होत्या.

"मावशी, तेरामध्ये आहे! बूट घातले!"

"सतरामध्ये! गाणं म्हणतेय, शब्द घाणेरडे आहेत पण चालीत आहे!"

"कुणी शिकवलं ते गाणं?" आजी ओरडली.

सतरावी रांग एकदम शांत झाली.

टोरोंटोची एक तरुण एअर होस्टेस आली. नवीन असावी. रिकाम्या खुर्चीकडे बोट करून म्हणाली, "मॅडम, नऊ बी मधल्या प्रवासी कुठे आहेत?"

"फिरायला गेल्यात."

"फिरायला म्हणजे?"

"एकोणीसपर्यंत गेल्यात आत्तापर्यंत."

मग बराच वेळ काही बातमी आली नाही. आणि मग मागून कुजबुज पुढे आली, एकेका रांगेतून सरकत, "झोपली... झोपली... बावीसमध्ये झोपली..."

"कुणाकडे?"

"सूटवाल्याकडे..."

आजी उठून पाहून आली. मीही गेले. पायपर मधल्या खुर्चीत होती, पट्टा लावलेला, डोकं पाइकसाहेबांच्या दंडावर. ते फाइल छातीशी धरून ताठ बसले होते. समोर चहा गार झालेला. आजीने विचारलं, "बरं आहे ना, लेका?" त्यांनी उत्तर म्हणून एकदा पापण्या मिटल्या. जास्त हलायची त्यांची हिंमत नव्हती.

"कार्बोनियरचं रक्त," आजी जागेवर येऊन म्हणाली, आणि तीही झोपली.

सेंट जॉन्सवर धुकं होतं, म्हणजे रोजच्यासारखंच. दोन घिरट्या घालून विमान वळलं आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला, डियर लेकला उतरलं. धुकं हटेपर्यंत इथेच थांबायचं, जागेवरच. सगळ्यांनी फोन चालू केले. मीही केला. सोळा निरोप होते, शेवटचे नऊ फक्त "शेल्बी?" एवढेच. मी वाचत असतानाच फोन वाजला. व्हिडिओ.

पडद्यावर मामी. तिच्यामागे दुसऱ्या पडद्यावर आमच्या विमानाचा नकाशा. "तुम्ही डियर लेकला का आहात? मेल्विना, पायपर कुठे आहे?"

आजी पटकन काहीतरी सांगू शकली असती. मी तर तीन उत्तरं तयार ठेवली होती. पण आजी खोटं बोलत नाही, तिला ते येतच नाही. काटे काढताना तिने कधी अर्धा काटा आत ठेवला नाही तसंच.

"मागे आहे, बाळा."

"मागे म्हणजे?"

"बावीस."

"बावीस काय?"

"रांग."

मामीने मागे वळून पाहिलं. तिच्या मागे नकाशावर आमचं छोटं विमान लुकलुकत होतं.  आजीने टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"तुम्ही नियम एक मोडला," मामी म्हणाली. आवाज स्पष्टच होता, पण कडेने थरथरत होता.

"मेरेडिथ, मी तुला खरं सांगते. अख्खं विमान पालथं घातलं मी. एकसुद्धा अनोळखी सापडला नाही गं. सापडला असता तर त्याला दिली नसती."

"मला पायपर दाखवा. आत्ता."

आजीने उठून हाक मारायला तोंड उघडलं, की पोरीला पुढे पाठवा रे. पण रूबीने मागून तिचा खांदा दाबला. "अगं झोपलीय ती, मावशी. पोर नको हलवूस. फोन पाठव."

आणि फोन निघाला, हातोहात. मी त्याच्यामागून. फोन ज्याच्या हाती जाई तो आपलं नाव-गाव सांगे, कारण आमच्याकडे कुणाचं तोंड समोर आलं की ते सांगतातच.

"मी रूबी, एल्सी हॉडरची. नर्स आहे, बाई. तुमच्या लेकीचा लंगोट साडेतीनला बदलला, अंगावर पुरळ नाही, छान आहे. साखर दिली नाही हो कुणी. एकाने गोळी काढली होती, मी त्याच्या हातावर मारली."

"मी कप्तान सायलस क्रॉकर..."

"तुम्हीच ती दाढी!" मामी म्हणाली.

"हो, बाई," कप्तान शरमून म्हणाला. "ओढली तिने जरा. पण राहिलीय अजून."

सतराव्या रांगेतल्या भावांपैकी धाकट्याने फोन घेतला. "मी कोरी. तुमच्या पोरीएवढाच माझा आहे. सहा आठवडे पाहिला नाही. म्हणून मी जरा जास्त वेळ धरली. माफ करा हं." आणि त्याने फोन पटकन पुढे दिला, कारण त्याचं नाक वाहायला लागलं होतं.

गाण्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

बाविसाव्या रांगेत पाइकसाहेबांनी मोकळ्या हाताने फोन घेतला. दुसरा हात त्यांचा राहिलाच नव्हता. त्यांनी घसा खाकरला नाही, पोर जागं होईल म्हणून, आणि पडद्यावर डोळे लावून अगदी हळू पण स्वच्छ आवाजात सांगितलं, "नमस्कार. प्रत्यक्ष पाहणीचा अहवाल. झोप: एक तास चाळीस मिनिटं. श्वास नियमित. लाळ: माझ्या डाव्या बाहीवर, प्रमाण साधारण. पट्टा लावलेला आहे, दोनदा तपासला. बूट दोन्ही आहेत. चहा गरम असल्यामुळे मी तो प्यायलो नाही. डाव्या हाताला मुंग्या आल्या आहेत, पण ती बाब मुलीशी संबंधित नाही."

एवढ्या दिवसभरात मामीला समजेल अशा भाषेत बोलणारं हे पहिलं माणूस. तिचे खांदे खाली आले. "डोक्याला आधार?" तिने विचारलं.

"माझी फाइल. वर स्वेटर. तीन वेळा बदलून पाहिलं, ही स्थिती सर्वांत चांगली."

"आणि तुम्ही... तुम्ही यांच्या नात्यातले?"

"कार्बोनियरचे ते!" नवव्या रांगेतून आजीचा आवाज आला.

"विनिपेगचा," पाइकसाहेब कुजबुजले. "पण आता मला नक्की सांगता येत नाही."

मग त्यांनी फोन वाकवून पायपर दाखवली. तोंड उघडं, गाल लाल, मुठीत रूबीची लोकर. मामी नुसती बघत राहिली. बघता बघता तिने हात तोंडावर ठेवला, आणि मला वाटलं ती रागावलीय, पण ती रडत होती. आवाज न करता, मुलगी जागी होईल म्हणून.

तेवढ्यात छतातून आवाज गरजला, "प्रवाशांना नम्र विनंती, सेंट जॉन्सवरील धुकं..."

"शूऽऽऽ!" अख्खं विमान छताकडे बघून म्हणालं.

छत गप्प झालं. राहिलेली सूचना ती नवीन एअर होस्टेस रांगेरांगेत वाकून कानात सांगत गेली. मामी फोनमधून तेही बघत होती.

"मेल्विनाला सांग," शेवटी ती मला म्हणाली, "मला विचार करावा लागेल." आणि फोन ठेवला.

विचार करावा लागेल. हे 'बघू'पेक्षा बरं की वाईट, आजीला कळेना, मलाही कळेना. पायपर दोन आठवडे राहिली, पिवळ्या खोलीत झोपली, बंदरावर पाय बुडवले, आणि आजीने परत जाताना पिशवी भरली तेव्हा तो लॅमिनेट कागदही भरला, न मुडपता. पाइकसाहेब पूल तपासून दोनदा चहाला येऊन गेले. तिसऱ्यांदा पायपरच्या बुटांना लेस बांधून गेले, दुहेरी गाठ.

मार्चमध्ये कॅलगरीहून जाड पाकीट आलं. आजीने ते चुलीशेजारी उभं ठेवलं आणि चहा प्याली. मग आणखी एक चहा प्याली. "तू फोड," मला म्हणाली.

आत नवीन कागद. लॅमिनेट केलेला. मी मामीच्या आवाजात वाचायला लागले, स्पष्ट, सावकाश.

"नियम एक. पायपरला एका रांगेतून दुसऱ्या रांगेत देताना दोन्ही हात वापरावेत. देणाऱ्याने 'धर' म्हणावे, घेणाऱ्याने 'धरली' म्हणावे. ते ऐकू आल्याशिवाय देणाऱ्याने हात सोडू नयेत. घेणाऱ्याने आधी चहा खाली ठेवावा. नियम दोन. गाणी आधी मेल्विनाला ऐकवावीत. नियम तीन. शेवटी चढावे."

आजीने कागद माझ्या हातातून घेतला आणि चष्मा न लावताच त्याच्याकडे पाहिलं. खालून एक चिठ्ठी सटकली. हाताने लिहिलेली. मी कधी मामीचं अक्षर पाहिलं नव्हतं. वाकडं होतं, लहान मुलीचं असावं तसं. 'जूनमध्ये मीही येतेय. तुमच्याबरोबर, टोरोंटोवरून. एकच शंका आहे. त्यांनी मला विचारलं, तू कुणाची, तर मी काय सांगायचं?'

आजीने भिंतीवरचा फोन उचलला. कॅलगरीचा नंबर तिला पाठ आहे.

"मेरेडिथ? मी बोलतेय. माझी म्हणून सांग." तिने क्षणभर ऐकलं, मग पुन्हा म्हणाली, "ऐकतेयस ना? माझी म्हणून सांग. आणि त्या मधाळ बाईने कितीही बोलावलं, तरी आधी चढू नकोस."